रुमाल टाकलेल्या आठ जागा

खरं सांगा, एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकून तुम्ही कधी जागा धरली आहे का?

धरली असणारच. आपल्याकडे धुळ्याची गाडी फलाटाला लागते न लागते तोच निम्म्या खिडक्यांतून हात आत जातात. रुमाल, टोपी, पिशवी, काहीच नसेल तर दुमडलेलं वर्तमानपत्र. मग रुमालाचा मालक निवांत रस प्यायला जातो. दारातून चढलेली, कडेवर मूल घेतलेली बाई त्या रिकाम्या सीटसमोर उभी राहते. सीट रिकामी दिसत असते, तरी ती बसत नाही. रुमाल आहे ना. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे समोर उभ्या असलेल्या माणसापेक्षा न दिसणाऱ्या माणसाच्या रुमालाला मान जास्त.

काल जळगावच्या स्टँडवर असाच एक रुमाल पाहिला. निळ्या चौकटींचा, धुऊन धुऊन पातळ झालेला. आणि गेल्या वर्षीचा सगळा जुलै पुन्हा समोर येऊन बसला.

प्रवेशाचा हंगाम परत सुरू झाला आहे. झेरॉक्सच्या दुकानांपुढे आया उभ्या आहेत, छातीशी प्लास्टिकच्या पिशव्या, पिशवीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला. दमट हवेत कागद एकमेकांना चिकटतात. फुंकर मारून मारून ते सुटे केले जातात. शेतात कपाशीची विरळणी चालू असते त्याच दिवसांत शहरात पोरांची विरळणी चालू असते. दोन रोपं शेजारी उगवली तर एक ठेवायचं, एक उपटायचं. उपटलेल्याचा काही दोष नसतो. मी शेतकऱ्याची मुलगी नाही, पण ही विरळणी मी हातानं केली आहे, आणि ती करताना मला वाटत होतं की मी न्याय करते आहे.

त्या वर्षी खानदेशातल्या काही पदविका कॉलेजांनी मिळून जळगावात प्रवेशाचं एक ऑफिस उघडलं होतं. मी कॉम्प्युटर शिकून नुकतीच तिथं लागले होते. कागदी फॉर्म बंद, सगळं ब्राउझरमध्ये. एक सर्व्हर जळगावात, आणि धुळे, पाचोरा, धरणगाव, अमळनेर अशा गावांत एकेक केंद्र. प्रत्येक केंद्रात एक टेलिफोन, एक मोडेम, आणि त्यावर दोन-तीन कॉम्प्युटर. मुलानं केंद्रावर जायचं, खुर्चीत बसायचं, फॉर्म भरायचा, आणि टेलिफोनच्या तारेवरून तो जळगावात पोचायचा. आज दोन हजार साल तोंडावर आलं असताना हे साधं वाटतं. तेव्हा धरणगावात लोक ते बघायला यायचे.

मला त्या ऑफिसातलं सगळं आठवतं. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. सर्व्हरच्या डब्यावर पूजेच्या दिवशी कुणीतरी ओढलेली हळदीची बोटं, जी पुसायला कुणी धजत नव्हतं. आणि मोडेमचा आवाज: आधी किरकिर, मग शिट्टी, मग पत्र्यावर वाळू ओतावी तशी लांबलचक खरखर. खरखर थांबली की समजायचं, जोडलं गेलं. केंद्रावरची माणसं त्या शांततेची वाट बघत बसायची. कधी एका फटक्यात जोडायचं, कधी तास जायचा. म्हणून एकदा जोडलेली लाइन कुणी सोडायचं नाही. चहाच्या सुट्टीतही नाही. मला तेव्हा ते कौतुकाचं वाटायचं.

आमच्या वरच्या होत्या भंगाळे मॅडम. यावलकडच्या, चाळिशीच्या, हसताना तोंडावर पदर धरणाऱ्या आणि चुकीच्या प्रोग्रामवर लाल पेनानं फुली मारणाऱ्या. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं की खरी अडचण टेलिफोनची नाही, दाराची आहे. सगळ्या कॉलेजांच्या जागा, सगळ्या मुलांचे गुण डेटाबेसमध्ये. तिथं आत जायचं तर कनेक्शन हवं, आणि आमच्या परवान्यात कनेक्शनं होती आठ. केंद्रांवर कॉम्प्युटर पंधरा-सोळा. नववा माणूस आला की त्यानं दाराशी उभं राहायचं. त्याला नंबरही मिळायचा नाही, रांग अशी नव्हतीच. एखादं कनेक्शन सुटेल त्या क्षणी जो दार ठोठावत असेल तो आत.

मॅडमचे वडील त्यांच्या गावात समाजाच्या भांड्यांची किल्ली सांभाळायचे. मोठी पातेली, पराती, झारे, पितळी बादल्या. लग्न निघालं की लोक किल्ली मागायला यायचे. मॅडम म्हणायच्या, "भांडी कुठल्या लग्नाची नसतात. पंगत उठली की घासायची आणि परत. पुढच्या मांडवात चूल पेटलेली असते." कनेक्शनांचंही त्यांना तसंच करायचं होतं. आठही कायम तयार ठेवायची. ब्राउझरनं पान मागितलं की एक उसनं द्यायचं, पान दिलं गेलं की त्या क्षणी परत घ्यायचं. मुलगा फॉर्म वाचतो, आईला विचारतो, जन्मतारीख शोधतो, त्या सगळ्या वेळात कनेक्शन त्याच्या हातात कशाला? फॉर्म पाठवताना पुन्हा एक उसनं घेईल. अशानं आठ कनेक्शनांत चाळीस मुलं सुखानं भागतात.

मी नाही म्हटलं.

का नाही म्हटलं, ते सांगायला दीपनगरला जावं लागेल. माझे वडील, अप्पा, तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या खात्यात कामाला. आमच्या क्वार्टरच्या खिडकीवर राखेचा थर असायचा, आणि आतल्या प्रत्येक फळीवर पत्रकांचे गठ्ठे. पिवळी, गुलाबी, हिरवट, स्वस्त कागदाची. जयंतीला एक, शाळेच्या प्रवेशाच्या वेळी एक, लग्नसराईत एक. अप्पा लिहायचे, भुसावळच्या छापखान्यातून कच्ची प्रत यायची, आणि मी ती तपासायची. मला वाचता यायला लागलं ते बालभारतीवर नव्हे, त्या ओल्या शाईवर. लग्नसराईच्या पत्रकात दरवर्षी एक वाक्य असायचंच, की पानावर बसलेल्या माणसाला उठवणं हा त्याचा घास काढून घेण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे. लहानपणी अप्पांना एका लग्नात असं उठवलं होतं. पंगतीच्या टोकाला बसले होते, पानात वरण-बट्टी पडली होती, तेवढ्यात कुणीतरी ओळखलं, हा अमक्याचा पोरगा. अप्पांनी त्या गावाचं नाव आम्हाला कधी सांगितलं नाही. फक्त एवढंच सांगायचे की बट्टीवर तूप घातलेलं होतं.

तर मॅडम म्हणत होत्या, पान दिलं की कनेक्शन परत घे. मला ऐकू येत होतं, ह्याला उठव. खेड्यातला मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा की-बोर्डला हात लावणारा, अर्धा तास घामाघूम होऊन फॉर्म भरेल, आणि पाठवताना त्याला म्हणायचं, थांब, आता दुसरे आहेत? एकदा आत घेतलेल्याला पुन्हा दाराशी उभं करायचं? जो शहरात शिकला, ज्याची बोटं पळतात, तो दोन मिनिटांत सुटेल. उभा कोण राहील? मी बरंच बोलले. टेबलावर हात आपटला असंही मॅडम नंतर सांगायच्या. मी म्हटलं, माझ्या प्रोग्राममध्ये बसलेल्याला कुणी उठवणार नाही. जो आत आला त्याचं कनेक्शन त्याचंच, त्याचा फॉर्म पुरा होईपर्यंत.

मॅडम लाल पेन फिरवत माझ्याकडे बघत राहिल्या. फुली मारली नाही. म्हणाल्या, "बोलतेस चांगलं. भांडी कधी मोजलीस का?" आणि तेवढ्यात त्यांना ऑफिसच्या सचिवांचं बोलावणं आलं, आणि ते तसंच राहिलं.

आम्ही चार कॉम्प्युटर लावून चाचणी घेतली. माझा प्रोग्राम पळाला. पहिल्या दोन फेऱ्या गुणांच्या यादीनं होत्या, प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेली, गर्दी नव्हती. माझा प्रोग्राम पळतच राहिला. मी अप्पांना पत्र लिहिलं की तुमचं वाक्य मी मशीनमध्ये घातलं आहे.

धरणगावचं केंद्र सुरू करायला मी स्वतः गेले होते. एका शाळेची खोली, भिंतीला जगाचा नकाशा, बाहेर जिनिंगच्या बंद शेडवर बसलेले पारवे. तिथं वंदना भेटली. दहावी झालेली, बारीक, कायम उजवी तर्जनी अंगठ्यावर घासत राहायची. तिच्या वडिलांचा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा, गाव त्यांना भाऊ म्हणायचं. बिघडलेला अॅम्प्लिफायर वंदना उघडायची. बोटावर सोल्डरचे पांढरे डाग होते. तिला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करायची होती आणि ती धुळ्यालाच करायची होती, कारण धुळ्याला मावशी होती. भाऊंनी सांगून टाकलं होतं, मावशीकडे पाठवीन, दुसऱ्या गावी नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत तिचा नंबर थोडक्यात हुकला. तिसरी फेरी उरलेल्या जागांची, जो आधी भरेल त्याची. धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुलींची एकच जागा उरली होती.

तिनं की-बोर्डवरून हात फिरवून बघितला. म्हणाली, "ताई, मना हात धीमा शे. मांगला लोके माले उठाडतीन का?"

मी म्हटलं, कुणी उठवणार नाही. मी लिहिलंच आहे तसं.

तिनं मान हलवली. कुठं लिहिलं आहे असं तिनं विचारलं नाही. मी लिहिलेल्यावर विश्वास ठेवणारी ती पहिली वाचक.

तिसऱ्या फेरीचा दिवस. दहा ते पाच. त्या दिवसाचं काही सांगायचं म्हटलं की मला आधी एक टोन ऐकू येतो, टेलिफोनच्या एंगेज्डचा. सकाळी अकरापर्यंत ठीक होतं, धरणगावचा मोडेम जोडला जायला मात्र बारा वाजले. बारानंतर पानं जड झाली. एकनंतर काही उघडेचना. सर्व्हर तर थंड होता. त्याच्यावर काही भार नव्हता, पंखा शांत फिरत होता, आणि आठही कनेक्शनं भरलेली होती. आत कुणी काही मागत नव्हतं. आत आठ जण बसले होते आणि गप्प होते. बाहेर सगळा जिल्हा उभा होता.

मी यादी उघडली. त्या यादीत गावं दिसत नसत, नावं दिसत नसत. फक्त आठ आकडे, आणि प्रत्येकासमोर शेवटची हालचाल किती वेळापूर्वी झाली ते. त्यांतला कोण एकेक अक्षर शोधत बसला आहे आणि कोण फॉर्म उघडून निघून गेला आहे हे मला कसं कळणार? मी धुळ्याला फोन लावला. एंगेज्ड. पाचोऱ्याला लावला. एंगेज्ड. धरणगाव, एंगेज्ड. आणि मग समजलं, लागणारच नाही. प्रत्येक केंद्राला टेलिफोन एकच, आणि तो मोडेमला जोडलेला. ज्यांना मला सांगायचं होतं की बाबांनो सोडा, त्यांनी लाइन धरून ठेवली होती म्हणूनच मला ते सांगता येत नव्हतं. मी तरीही लावत राहिले. तर्जनीला डायलच्या भोकाची कड लागून लाल वळ उठला.

दुपारी चार वाजता मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. यादीतलं एकेक कनेक्शन तोडता येत होतं. त्यासाठी एक ओळ लिहावी लागायची. त्यांनी ती लिहिली नाही, मला लिहायला सांगितलं. आठांपैकी सात आकडे अधूनमधून हलत होते. एक मात्र चाळीस मिनिटं झाली तरी हललेला नव्हता. मी मनात म्हटलं, हाच तो. हाच रुमाल. आणि मी त्याला उठवलं.

जागा सुटली. डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या कुणीतरी ती घेतली. धरणगावनं नव्हे. रांग नव्हतीच, सांगितलं ना.

पावणेपाचला मॅडमनी सगळंच बंद करून परत चालू केलं. मी अडवलं नाही, करा असंही म्हटलं नाही. मशीन उठायला तिचा वेळ लागला. तारा तुटल्या, सगळ्या गावांतून मोडेमची किरकिर पुन्हा सुरू झाली, आणि ज्याची लाइन आधी लागली तो आधी आला. धरणगावची लाइन पाच वाजून गेल्यावर लागली. नोंदीत ते दिसतं. त्या दिवशी धरणगावला पान पहिल्यांदा झटकन उघडलं, आणि त्यावर लिहिलेलं होतं की फेरी संपली आहे. ते वाक्यही माझंच. मीच लिहून ठेवलं होतं, दोन आठवडे आधी, चांगल्या मनःस्थितीत.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेले. बसमध्ये उभी. धुळ्याचं केंद्र नाना सांभाळायचे. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, गळ्यात चष्म्याची दोरी, प्रत्येक मुलाला बेटा म्हणणारे. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. नानांनी आधी पाणी दिलं, मग शेव-मुरमुरे दिले, आणि मग मोठ्या अभिमानानं कॉम्प्युटर दाखवला. पडद्याच्या तळाशी पाच खिडक्या दडपून ठेवलेल्या. पाच फॉर्म. पडद्याच्या कडेला पाच चिठ्ठ्या चिकटवलेल्या, पाच मुलांची नावं. मुलं शिरपूर-साक्रीकडून आलेली. कुणाचा जातीचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला, कुणाचा फोटो धुऊन यायचा. नानांनी त्यांना सांगितलं होतं, आधी फॉर्म उघडून ठेव, जागा धर, मग जा निवांत. एकदा आत गेलं की ही मशीन बाहेर काढत नाही, हे पहिल्या दोन फेऱ्यांत त्यांच्या लक्षात आलं होतं. मी दिलेला शब्द माझ्यापेक्षा नानांना जास्त चांगला समजला होता.

"आणि झोपू नये म्हणून," नाना म्हणाले, "दर पाच मिनिटांनी प्रत्येकाला जरा हलवत होतो बेटा. पावणेपाचपर्यंत एक पण तुटू दिला नाही."

म्हणजे यादीतल्या त्या हलणाऱ्या सात आकड्यांपैकी पाच नाना होते. मग न हलणारा कोण? ते पाचोऱ्याहून कळलं. एक मुलगा एका बोटानं फॉर्म भरत होता. लांबलचक पान, सगळं एकाच वेळी पाठवायचं, मधे मशीनला काही कळत नाही. शेवटच्या रकान्यापर्यंत आला होता. मी त्याला उठवलं. आठांपैकी खरोखर बसलेला, खरोखर लिहिणारा शोधून काढला आणि नेमकं त्यालाच.

नानांवर रागवायचं कशासाठी? त्यांनी पाच पोरांचं भलं चिंतलं. त्यांतली तीन वेळेत परतली, दोन नाही. दोन रुमाल पावणेपाचपर्यंत तसेच पडून राहिले. मी मुरमुरे खाल्ले. नाना बघत होते.

परतताना धरणगावला उतरले. वंदना घरापुढे बसली होती, मांडीवर कर्ण्याचं तोंड उघडलेलं. मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, पाठही केलं होतं, सभेत बोलतात तसं. मी सुरुवात करायच्या आत तीच म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "ताई, तुमी बोलनात तसंच व्हयनं. मी सकायपासून पाचलोंग बठेल व्हती. माले कोनी उठाडं नही."

हे वाक्य मी वर्षभर वागवते आहे. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी गप्प बसले नाही, बसता येत नाही. चार दिवसांनी मी एक पत्रक लिहिलं, स्वतःच्या विरुद्ध. चूक माझी आहे, प्रोग्राम माझा आहे, तिसरी फेरी रद्द करून पुन्हा घ्या. ऑफिसच्या झेरॉक्सवर काढलं आणि सगळ्या कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर लावलं. सचिवांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, धुळ्याची ती जागा ज्या मुलीला मिळाली ती आता होस्टेलवर आली आहे. तिचा बाप हमाली करतो. तिला सांगायचं का, ऊठ? मग प्रोग्रामबरोबर मी दिलेलं माझंच जुनं टिपण पुढं सरकवलं, ज्यात मी लिहिलं होतं की एकदा बसलेल्याला उठवणं अन्यायाचं आहे. माझी सही, खाली जाड रेघ.

टिपण उचलून मी बाहेर आले. फेरी तशीच राहिली. त्या मुलीचं नाव मला माहीत आहे, ती चांगले गुण मिळवते आहे असं ऐकते, आणि मला त्याचा आनंद होतो, आणि तो आनंद धरणगावच्या वाटेवर कुठंतरी नासतो.

दिवाळीच्या सुट्टीत दीपनगरला गेले तेव्हा अप्पांना सगळं सांगितलं. ते खिडकीची राख ओल्या फडक्यानं पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "मी उठवणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं. जेवून झाल्यावर पानावर बसून राहणाऱ्यांबद्दल लिहायचं सुचलंच नाही. आपल्याला पानावर बसायलाच कधी मिळत होतं?" मग फडकं पिळून त्यांनी विचारलं की ती पोरगी आता काय करते.

ती तेव्हा अकरावीला आर्ट्सला होती. गावात तेवढंच आहे. लग्नसराईत भाऊंबरोबर अॅम्प्लिफायर घेऊन जाते. ती असली की कर्णे खरखरत नाहीत, असं लोक सांगतात.

ह्या वर्षी मी प्रोग्राम बदलला. मॅडमनी सांगितलं होतं तसा. कनेक्शन उसनं घ्यायचं, काम झालं की त्याच क्षणी परत, आणि बाहेर थांबणाऱ्यांची रांग, ज्याचा नंबर आधी तो आधी. चाचणी घेतली तेव्हा आठ कनेक्शनांत चाळीस फॉर्म गेले, कुणाला दारात उभं राहिल्याचं कळलंसुद्धा नाही. मॅडम मागून येऊन बघून गेल्या. एवढंच म्हणाल्या, "घासून ठेवलीस वाटतं भांडी."

मला वाटलं, सुटलं. मग गेल्या आठवड्यात धुळ्याला गेले. नानांना नवीन पद्धत समजावली, खिडक्या उघडून ठेवून आता काही मिळणार नाही असं सांगितलं. नानांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, बरं झालं बेटा, तो खिडक्यांचा त्रासच होता. आता मी खुर्च्याच धरतो. आणि बघते तर केंद्रातल्या तीनही खुर्च्यांवर तीन रुमाल. बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या फेरीची मुलं उभी, आत खुर्च्या रिकाम्या.

खुर्चीवरचा रुमाल उचलणारी ओळ कुठल्याच प्रोग्राममध्ये लिहिता येत नाही. मी शोधली. केंद्रं तेवढीच आहेत, कॉम्प्युटर तेवढेच, टेलिफोन तेवढेच. जास्त द्या म्हणून मी पत्रकं लिहिते आहे आणि लिहीत राहीन. जागा कमी ठेवणाऱ्यांना त्याचा जाब द्यावाच लागेल. पण तिसरी फेरी पुढच्या आठवड्यात आहे, आणि तोपर्यंत माझं पत्रक एकही खुर्ची निर्माण करणार नाही.

वंदनानं ह्या वर्षी पुन्हा अर्ज केला आहे. भाऊंनी आणखी एकदा हो म्हटलं आहे, ह्यानंतर म्हणणार नाहीत. नियम असा की गेल्या वर्षी पास झालेल्यांना नव्यांच्या नंतर. म्हणजे तिच्या वाट्याला तिसरी फेरीच, उरलेलंच, आणि धरणगावची तीच खोली, तोच जगाचा नकाशा.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी पुढच्या आठवड्यात केंद्रावर जाणार असाल, तर दाखले आधी गोळा करा आणि मगच खुर्चीत बसा. तिथं रुमाल पडलेला दिसला तर तो उचलून बाजूला ठेवा आणि जो हजर आहे त्याला बसवा, मालक येऊन काय बोलायचं ते बोलेल. तुमचा फॉर्म गेला की खिडकी बंद करा, केंद्रवाल्यांना सांगा की थोडा वेळ तरी फोन मोकळा ठेवा, आणि निघण्याआधी एकदा मागं वळून बघा. मागं कदाचित एक बारीक मुलगी असेल, बोटावर सोल्डरचे डाग असलेली. ती तुम्हाला काही म्हणणार नाही. तुम्ही उठा.